आग्रहाचं घर आणि आत्याचं नको

आमच्या घरी जेवायला आलेला माणूस आपल्या पायांनी परत गेल्याचं मी लहानपणी पाहिलेलं नाही. कुणाला दोघांनी धरून रिक्षात कोंबावं लागायचं, कुणी ओसरीवरच आडवा व्हायचा. जालन्याचे एक पाहुणे सकाळी चहाला म्हणून टेकले, ते जेवून उठेपर्यंत त्यांच्या सदऱ्याची सगळी बटणं आमच्या स्वयंपाकघरात उडालेली होती; आईनं ती वेचून माझ्या पोलक्याला लावली. पोस्टमन तर आमची पत्रं गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याकडं टाकून पळायचा. एकदा तो बिचारा सही घ्यायला आत आला होता आणि धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, वर वाटीभर शिरा एवढं पोटात घेऊन सायकलवर बसला, तर सायकल म्हणाली, मी नाही येत. यातलं निम्मं अगदी खरं आहे. उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे, पण ते सगळं सांगितलं तर तुम्ही पहिल्या निम्म्यावरही विश्वास ठेवायचे नाहीत.

पैठण गेटाच्या मागं तीन खोल्यांचं आमचं घर. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आता पाटी बदलली, पण पैठण गेटाजवळचा गोंधळ तोच आहे आणि माझ्या कानात तर त्याच्याहून जुना गोंधळ आहे. आम्ही मूळचे चितेगावचे, शेतकरी. दादा, म्हणजे माझे वडील, शिकून सरकारी कचेरीत लागले आणि शहरात आले. त्यांच्या पाठचे शिवाकाका गावाकडचं रान बघायचे, पण जेवणाच्या वेळेला बहुतेक आमच्याच घरी उगवायचे. घरात कायम पुरण वाटायचा घरघराट, तव्यावर तुपाचा चर्रकन आवाज, आणि या सगळ्यावर दादांचं "घ्या हो! एवढ्यानं काय होतंय!" हे पालुपद. गल्लीतली पोरं त्या हाळीवर आपली घड्याळं लावायची. घड्याळं कुणाकडंच नव्हती, हा भाग वेगळा.

आमच्या घरात 'नको' या शब्दाला अर्थ नव्हता. तो जेवणाचाच एक भाग होता, पानाच्या डाव्या बाजूला वाढलेल्या मीठ-लिंबासारखा. पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हटलं की ते लाजेचं. दुसऱ्यांदा म्हटलं की रीतीचं. तिसऱ्यांदा म्हटलं की दादा आईकडं बघून डोळे मिचकावायचे, म्हणजे पाहुणा आता खुलला, वाढ. ज्यानं पानावर दोन्ही हात आडवे धरले त्याचा तर मोठा मान. दादा पोळी पाठीमागं लपवून त्याच्यासमोर उभे राहायचे आणि गंभीर तोंड करून विचारायचे, "मग, वडलांची तब्येत कशी आहे?" पाहुणा उत्तरासाठी हात जोडायचा किंवा हवेत हलवायचा, की तेवढ्या फटीतून पोळी पानात. आईची तऱ्हा निराळी. ती नुसती उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "आवडलेलं दिसत नाही माझ्या हातचं." डोळ्याच्या कोपऱ्यात एकच थेंब. तो थेंब तिला हवा तेव्हा यायचा आणि हवा तेवढा वेळ थांबायचा; गालावर घरंगळलेला मी तरी कधी पाहिला नाही. आणि या दोघांतूनही कुणी निसटला तर शिवाकाका होतेच. ते सरळ आण घालायचे. "माझं मेलेलं तोंड बघशीला, जर का ही पोळी राह्यली तर!" काकांचं मेलेलं तोंड बघायला नको म्हणून या जिल्ह्यात किती पोळ्या खपल्या असतील, त्याची मोजदाद करायला वेगळं खातं उघडावं लागेल.

त्या दिवसांत मला इंग्रजीचं वेड लागलं होतं. बँकेची परीक्षा द्यायची होती, आणि त्याहून जास्त म्हणजे कॉलेजात फडाफडा इंग्रजी बोलणाऱ्या दोन पोरींची जिरवायची होती. गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर कुलकर्णी सरांचा वर्ग भरायचा. सर कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. भर उन्हाळ्यात बंद गळ्याचा कोट घालायचे. म्हणायचे, इंग्रजी ही थंड देशाची भाषा आहे, अंगात ऊब असल्याशिवाय ती जिभेवर येत नाही. खाली दुकानदार थानातून कापड टर्रकन फाडायचा आणि वर सर रोज एक-दोन वाक्प्रचार सांगायचे. तो पंधरवडा 'समोरच्याचं मन वळवणे व त्यावर दबाव आणणे' या विषयाचा होता.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'टू ट्विस्ट समवन्स आर्म'. मग पुढच्या बाकावरच्या एका धिप्पाड पोराचा हात धरून पाठीमागं पिरगाळून दाखवला. "म्हणजे एखाद्याचा हात पिरगाळणे. अर्थ, त्याला राजी करणे." खालून टर्रर्र असा आवाज आला. मला वाटलं पोराचा खांदाच गेला. मी हादरून विचारलं, "सर, राजी करायला खरंच पिरगाळतात?" सर म्हणाले, "पूर्वी पिरगाळत असतील. आता सुधारले. आता नुसतं म्हणतात." दुसऱ्या दिवशी 'टू पुट द स्क्रूज ऑन समवन'. सरांनी शांतपणे सांगितलं, की जुन्या काळी विलायतेत माणसाच्या अंगठ्याला लोखंडी चाप लावून वरचा स्क्रू हळूहळू पिळत, म्हणजे तो हो म्हणे. मी माझा अंगठा मुठीत लपवला तो वर्ग सुटेपर्यंत बाहेर काढला नाही. मग कुणाच्या मानेवर श्वास सोडणं आलं, मग कुणाला झिजवून झिजवून होकार काढणं आलं, मग गाढवापुढं गाजर आणि मागं छडी. माझ्या शेजारी शबाना बसायची, बुढीलेनची. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "या अल्ला, ये लोगां बाताँ करते की कुस्ती खेलते?"

मला तर झोप लागेना. एवढं मोठं साम्राज्य, एवढे सूटबूट, एवढं प्लीज आणि थँक्यू, आणि एका माणसाला हो म्हणायला लावायचं तर यांच्या भाषेत आधी हाडं मोडायला घेतात? मी रात्री जेवताना घरात सगळं साभिनय करून दाखवलं. काकांचा हातही पिरगाळून दाखवला. दादा आमटीचा भुरका थांबवून ऐकत होते. त्यांचा ऊर भरून आला. "बघा," ते म्हणाले, "रानटी लोक. आपल्या घराण्यात आजवर कुणी कुणाला बोट तरी लावलंय का? गोडीत घेतो आपण माणसाला. गोडीत!" आणि एवढं बोलून त्यांनी काकांच्या पानात, काका नको नको म्हणत असताना, आणखी एक भाकरी टाकली.

त्याच आठवड्यात आत्या येणार असं ठरलं.

आत्या दादांहून थोरली. नाव सरस्वती, पण दादा-काका तिला अक्का म्हणायचे. दिली होती पाचोडला. काडीएवढी बाई, लुगड्याचा ओचा खोचून उभी राहिली की वाऱ्यानं डुलायची. आवाज मात्र असा, की पाचोडच्या आठवडी बाजारात तिनं "घ्या मिरचीऽऽ" अशी आरोळी दिली की पैठणात माणसं शिंकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, पुतण्याच्या घरात राहायची. ते लोक वाईट वागवायचे नाहीत, पण तिची म्हणून जागा कुठली, तर सोप्यात सरकीच्या पोत्यांशेजारी एक वळकटी. येणारा-जाणारा तिला ओलांडून जायचा. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. दर वेळी आमच्याकडं आली की ती मधल्या खोलीचं दार लावायची, आतून कडी घालायची, काढायची, पुन्हा घालायची. मी विचारलं की म्हणायची, "ग्वाड वाजती गं सुमे ही कडी." एवढंच. आपली आपण आतून लावता येईल अशी एक कडी, एवढंच त्या बाईचं मागणं जगाकडं होतं आणि ते ती कडीपलीकडं कुणाला सांगत नव्हती.

आता तिला बोलावण्याचं कारण. पैठण रस्त्यावर तेव्हा कारखाने यायला लागले होते. चितेगावात सकाळी कोंबड्याच्या आधी भोंगा वाजायचा. कोंबडे म्हणे लाजून उशिरा आरवायला लागले. अशाच एका कारखानदाराला आमचं रस्त्याकडेचं रान पाहिजे होतं आणि शिवाकाकांना ते द्यायचं होतं. अडचण एकच. आजोबांच्या माघारी सातबाऱ्यावर तीन नावं चढली होती : दादांचं, काकांचं आणि आत्याचं. तर आत्यानं रजिस्ट्री कचेरीत येऊन हक्कसोडपत्रावर सही द्यायची, म्हणजे आपला हिस्सा भावांना सोडायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडं बहिणी असंच करत आल्या होत्या. बहिणीला माहेरी आणायचं, गोडधोड करायचं, साडीचोळी द्यायची, ओटी भरायची आणि सही घ्यायची. बदल्यात माहेरचं दार तिला उघडं. जी सही देत नाही तिला ते दार बंद, हे कुणी बोलायचं नाही; ते न बोलताच सगळ्यांना ऐकू यायचं.

आत्या आली आणि घर कामाला लागलं. मी पुष्कळ लग्नं पाहिली आहेत, दोन-तीन आमदारांची स्वागतंही पाहिली आहेत, पण तसा थाट नाही. पहिल्या रात्री पुरणपोळ्या. आत्या चिमणीएवढं खाणारी. दीड पोळीवर तिनं पानावर हात धरला. "नको रे बबन." बबन म्हणजे दादा. दादांनी पोळी पाठीमागं नेली. "अक्का, पाचोडच्या पुतण्याची तब्येत कशी आहे?" पण भाऊच तो, आत्याला हा डाव ठाऊक, तिनं हात हलवला नाही. तरी पोळी पडलीच. दादांनी ती वरून सोडली, हातांवर. आत्या ती खात असताना काका म्हणाले, "ते कागदाचं सोमवारी उरकून टाकू, अक्का." आत्या म्हणाली, "नको, शिवा. मला ते..." आणि पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, कारण आईनं तुपाची धार धरली होती आणि सगळे "घ्या, घ्या" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी गुलमंडीवरून इरकल लुगडं आणलं, हिरवं, लाल काठाचं, आणि त्यावर किलोभर इमरती. लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. ती म्हणाली, "नको रे, एवढं भारी. मला नको." काका आनंदानं मोठ्यांदा हसले. "बघा, लाजली!" दादाही हसले. मीही हसले, लुगडं मांडीवर घेऊन बसलेली आत्या दिसतच होती अशी लाजरी, की मला वाटलं ही आता पुन्हा लग्नाला उभी राहणार. संध्याकाळी आईनं तिच्या केसांना तेल लावता लावता तो एक थेंब डोळ्यांत आणला. "वन्सं, तुम्ही नाही म्हणालात तर यांचं तोंड कसं दिसंल गावात?" आत्या म्हणाली, "नको गं रडू." आणि रात्री काकांनी शेवटचं अस्त्र काढलं. "माझं मेलेलं तोंड बघशील, अक्का!" आत्या म्हणाली, "नको रे बाबा असं बोलू." काका उठून उभे राहिले, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं! अक्का राजी!"

सोमवारी दुपारची वेळ कचेरीची होती. सकाळी आई पुरण शिजवत होती, संध्याकाळच्या आनंदासाठी; दादा-काका साक्षीदारांची जुळवाजुळव करायला बाहेर पडले होते. मला अठरा पूर्ण झाली होती, म्हणून एक साक्षीदार मी. त्या मोठेपणानं मी आधीच हवेत होते. आत्या आणि मी ओसरीवर तांदूळ निवडत बसलो होतो. मी तिला करमणूक म्हणून कुलकर्णी सरांचे सगळे वाक्प्रचार सांगितले. हात पिरगाळायचा, अंगठ्याचा चाप, मानेवरचा श्वास. मला वाटलं होतं ती हसेल, पदर तोंडाला लावेल. ती खडे वेचत राहिली.

"आणि मग तो मानूस काय करतो?" तिनं विचारलं. "ज्याचा हात पिरगाळला तो?"

"हो म्हणतो. नाही तर ओरडतो."

"वरडतो? आन लोकं काय म्हणत्यात?"

"लोक म्हणणार, सोडा की त्याला."

आत्यानं एक खडा उचलून उजेडात धरला. "बरं हाय की गं मग इंग्रजांचं. हात पिरगाळला की कळतं तरी, पिरगाळला म्हणून. वळ उठतो. मानूस दाखवू शकतो, हे बघा म्हणून." खडा तिनं अंगणात फेकला. "इथं तूप वाढत्यात. वळ कुठं दाखवू?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी फार बोलकी. शाळेत बाई मला बोलायला नव्हे, गप्प बसायला बक्षीस द्यायच्या. त्या सकाळी माझ्या तोंडातून आवाज निघेना. मला एकदम दादांचं वाक्य आठवलं, कुणी कुणाला बोट तरी लावलंय का. आणि दिसायला लागलं की दादा, आई आणि काका तिच्या भोवती उभे आहेत, हातांत पोळी, तूप आणि लुगडं, आणि कुणाचं बोट तिला लागलेलं नाही. मी सटकून गुलमंडीवर पळाले. सकाळचा वर्ग सुटला होता, सर एकटेच कोटाची धूळ झटकत होते. मी धापा टाकत विचारलं, "सर, एखाद्याला जेवू घालून घालून, माया करून करून हो म्हणायला लावतात, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?" सरांनी छताकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, खाली कापड तीन वेळा फाडलं गेलं. मग ते म्हणाले, "असा वाक्प्रचार त्यांच्यात नसावा. त्यांच्यात आग्रहच नाही. एकदा वाढलं की संपलं." आता माझी नात परदेशात असते, ती फोनवर म्हणाली, आजी, आहे तसा एक, मायेनं ठार मारण्याचा. सरांना तो तेव्हा आठवला असता तर मी जागीच बसले असते. नाही आठवला. मी तशीच रिकाम्या हातांनी परत आले.

रजिस्ट्री कचेरीत ही गर्दी. आमच्या मागं निम्मा जिल्हा उभा होता, असं मी नंतर सांगत आले आहे; निम्मा नसेल, पण चितेगावची पाच-पन्नास माणसं तरी होती, कारण काकांनी सगळ्यांना जेवायचं आमंत्रण दिलं होतं. पुढ्यातले साहेब बारीक, चष्मा नाकावर घसरलेला, सकाळपासून तेच तेच वाचून आवाज सपाट झालेला. त्यांनी मजकूर भराभर वाचला. आत्या हिरव्या इरकलीत खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिच्या डाव्या अंगठ्याला शिपायानं शाई लावून ठेवली होती आणि तो काळा अंगठा ती लुगड्याला लागू नये म्हणून हवेत धरून बसली होती. मला त्या अंगठ्याकडं बघवेना.

"बाई, मजकूर समजला ना?" साहेबांनी मान वर न करता विचारलं. "हे तुम्ही राजीखुशीनं करताय ना? कुणाचा दाबदबाव नाही ना?" आणि विचारता विचारताच हात शिक्क्याकडं गेला. हा प्रश्न ते दिवसातून असंख्य वेळा विचारत असणार आणि एकच उत्तर ऐकत असणार.

आत्या म्हणाली, "मला इचारताय?"

आता साहेबांनी मान वर केली. "तुम्हालाच. हिस्सा तुमचा आहे. दुसऱ्या कुणाला विचारू?"

आत्यानं काळा अंगठा लुगड्यापासून आणखी दूर धरला. मग बाजारातल्या त्या आवाजात नव्हे, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग नाय."

"काय नाय?"

"राजीखुशीनं नाय."

कचेरीतला पंखा थांबला. वीज गेली होती असं लोक म्हणतात. माझा समज आहे की पंख्यानंही ऐकलं. काकांचा चेहरा त्यांच्या आणेतल्या चेहऱ्यासारखा झाला. दादा आधी गोंधळले आणि मग चिडले. माझ्या आयुष्यात मी दादांना बहिणीवर आवाज चढवताना तेवढं एकदाच ऐकलं. "अक्का! अगं, मग घरी काय झालं होतं बोलायला? एवढे दिवस तोंडात काय मूग धरले होतेस?"

"म्हणत तर व्हते, बबन," आत्या म्हणाली. ती चिडली नव्हती. उलट समजावल्यासारखी बोलत होती, लहान भावाला बोलतात तशी. "पानावर बसले तवा म्हणले, नको. लुगडं दिलं तवा म्हणले, नको. शिवानं आण घातली तवाबी म्हणले, नको रे बाबा. तुमी वाढतच व्हता."

मला अजून आठवतं, मागं उभ्या असलेल्या चितेगावच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. काका ओरडले, "अक्का, माहेर तुटंल तुझं!" आत्या म्हणाली, "मला एक खोली पायजे, शिवा. माज्या वाटच्या तुकड्यावर. आतून कडी लागंल अशी. बाकी तुमी काय करायचं ते करा."

साहेबांनी शिक्का बाजूला ठेवला. "नकार असेल तर दस्त होत नाही," ते सपाट आवाजात म्हणाले आणि कागद बाजूला सारला. मग आत्याच्या वाळलेल्या ओठांकडं बघून त्यांनी आपल्या टेबलावरचा तांब्या पुढं केला. "पाणी घेता?"

"नको," आत्या म्हणाली.

"बरं," असं म्हणून त्यांनी तांब्या मागं घेतला.

तुम्हाला हसू येईल, पण आम्ही सगळे त्या तांब्याकडं बघत राहिलो. दादा तर थिजलेच. एवढ्या वयात त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं की कुणी नको म्हणालं आणि समोरच्यानं ते घेतलं. खरं-खोटं करण्यात माझं आयुष्य गेलं, पण दादांच्या त्या चेहऱ्यावर मी एक शब्दही वाढवत नाही.

जमिनीचं पुढं काय झालं म्हणाल, तर कारखान्याला दुसऱ्याचं रान मिळालं, काका दोन वर्षं आत्याशी बोलले नाहीत आणि मग बोलायला लागले ते भांडायलाच, म्हणजे गाडी रुळावर आली. आत्याच्या तुकड्यावर दोन खोल्या उठल्या. मी गेले की ती आधी दार लावून कडी वाजवून दाखवायची आणि मग चहा टाकायची. चहा घेणार का, असं विचारायची, आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबायची. पहिल्या वेळी मला उत्तरच सुचलं नव्हतं. कुणी थांबेल याची सवय नव्हती.

पण मला सांगायची आहे ती त्या सोमवारची संध्याकाळ. चितेगावचे लोक परस्पर गावी गेले. काका रागानं त्यांच्याबरोबर. घरी पुरण तयार होतं, त्याचं काय करणार. आईनं पोळ्या लाटल्या. आत्याची पिशवी आमच्याकडंच होती आणि शेवटची एसटी निघून गेली होती, म्हणून ती आमच्यातच जेवायला बसली, त्याच हिरव्या लुगड्यात. अंगठ्याची शाई निघाली नव्हती. एवढं शांत जेवण त्या घरात आधी कधी झालं नसेल. तव्यावर तूप चर्र करायचं आणि गप्प व्हायचं. गल्लीतल्या पोरांना त्या दिवशी किती वाजले तेच कळलं नसणार.

आत्यानं एक पोळी संपवली. दादा स्वतः उठले. तव्यावरची फुगलेली पोळी हातात घेऊन ते तिच्या पानापुढं उभे राहिले. हात पाठीमागं गेला नाही. तब्येतीची चौकशी झाली नाही.

"अक्का," दादा म्हणाले, "वाढू?"

आणि थांबले.

आत्यानं वर पाहिलं. "थांब जरा," ती म्हणाली. "इचार करते."

आम्ही सगळे थांबलो. आई लाटणं धरून, मी आमटीची वाटी धरून, दादा गरम पोळी या हातातून त्या हातात करत. पोळीची वाफ विरली. बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेवटी आत्या म्हणाली, "अर्धी."

दादांनी पोळीचे दोन तुकडे केले, एक पानात ठेवला, हलकेच, वरून न सोडता. आणि उरलेली अर्धी हातात घेऊन ते कितीतरी वेळ तसेच स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले. ती कुठं ठेवायची असते, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.